मुंबई ते तळकोकण विमानानं: अंतर, वेळ आणि दारापासून दारापर्यंतचा हिशेब

मुंबईहून गोव्याला निघालेलं विमान हवेत असतं जेमतेम पाऊण तास. तिकिटावर लिहिलेलं असतं सव्वा तास किंवा त्याहून थोडं जास्त. आणि दादरच्या घराला कुलूप लावल्यापासून कुडाळच्या अंगणात पाय ठेवेपर्यंत जातात पाच ते सहा तास. तिन्ही आकडे खरे आहेत. पहिल्यांदाच विमानानं गावी निघालेल्या माणसाची फसगत होते ती पहिला आकडा धरून पुढची गाडी सांगितल्यामुळे. म्हणून तिकीट काढण्याआधी हे तिन्ही आकडे स्वतः काढून बघा. कागद-पेन्सिल आणि फोन एवढं पुरे.

आधी विमानतळ ठरवा, शहर नाही

"मुंबई ते गोवा किती किलोमीटर" या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण दोन्ही टोकांना एकापेक्षा जास्त विमानतळ आहेत. तिकिटाच्या साइटवर तीन अक्षरी कोड असतो, तो वाचायची सवय लावा.

मुंबईचा जुना विमानतळ म्हणजे बीओएम. नवी मुंबईचा एनएमआय. त्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. पनवेल-खारघरच्या माणसाला तो दाराशी, बोरिवलीकराला मात्र अर्ध्या दिवसाचा घोर. बीओएमलाही टी-१ आणि टी-२ अशी दोन टर्मिनलं आहेत. टी-१ पार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, टी-२ सहारला. चुकीच्या टर्मिनलला उतरलात तर रिक्षानं दुसरीकडे जाण्यात वीस मिनिटं सहज जातात, संध्याकाळच्या गर्दीत त्याहून जास्त. मेट्रो ३ ची दोन्ही टर्मिनलांना वेगळी स्थानकं आहेत, तेव्हा तिथंही कुठं उतरायचं ते आधी ठरवून ठेवा.

गोव्याकडे जीओआय म्हणजे दाभोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा. मोप्याच्या विमानतळाचं नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. तिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. तळकोकणातल्या माणसानं ही दोन नावं पक्की लक्षात ठेवायला हवीत. मोपा पेडणे तालुक्यात, म्हणजे आपल्या बांद्याच्या पलीकडेच आहे. दाभोळी पार वास्कोजवळ. मोप्याहून सावंतवाडी तीसेक किलोमीटर, दाभोळीहून ऐंशी-नव्वद. स्वस्त दिसलं म्हणून दाभोळीचं तिकीट घेणारे वाचवलेले पैसे टॅक्सीवाल्याला देतात, वर दीड तास घालवतात.

तिसरा पर्याय सिंधुदुर्गाचा स्वतःचा, चिपीचा विमानतळ, कोड एसडीडब्ल्यू. परुळे-चिपीच्या सड्यावर, म्हणजे उंच सपाट माळावर, २,५०० मीटरची धावपट्टी आहे आणि ९ ऑक्टोबर २०२१ ला तिथून वाहतूक सुरू झाली. अंतराच्या दृष्टीनं मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याला याच्यासारखा विमानतळ नाही. अडचण एकच, भरवशाची. मुंबई–चिपी सेवा केंद्राच्या उडान योजनेखाली सुरू झाली होती. त्या योजनेत कमी भाड्याची भरपाई कंपनीला तीन वर्षं मिळते. ती मुदत २०२४ मध्ये संपली आणि सेवा खंडित झाली. त्यामुळे चिपीबाबत ऐकीव माहितीवर जाऊ नका. आठवड्याचे कोणते वार, कोणत्या शहरातून, हे त्या महिन्याच्या वेळापत्रकात पाहा. परतीचं विमान त्याच दिवशी आहे ना, हेही.

रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाच्या ताब्यात आहे. रत्नागिरी, चिपळूण, खेड, संगमेश्वरच्या माणसानं मुंबईहून यायला विमानाचा विचारच सोडून द्यावा. का, ते हिशेबातच दिसेल.

हवाई अंतर स्वतः काढा

फोनवर सोपं आहे. गूगल मॅप्समध्ये विमानतळावर बोट दाबून धरा, खालच्या पट्टीत "अंतर मोजा" निवडा आणि नकाशा दुसऱ्या विमानतळापर्यंत सरकवा. जे दिसतं ते सरळ रेषेतलं अंतर. पण एकदा हातानं काढून बघण्यात मजा आहे, आणि कुठला आकडा खोटा वाटतो हे त्यामुळे पटकन कळतं.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, जगात कुठेही. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून लांब जाऊ तसा आखूड होत जातो. कोकणाच्या पट्ट्यात तो साधारण १०६ किलोमीटर भरतो. आता मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दाभोळी १५.३८ उत्तर, ७३.८३ पूर्व. अक्षांशातला फरक ३.७१, त्याचे झाले ४१२ किलोमीटर. रेखांशातला फरक ०.९६, त्याचे १०२. शाळेतला पायथागोरस लावा: ४१२ चा वर्ग अधिक १०२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ४२४. मुंबई–दाभोळी हवाई अंतर ४२४ किलोमीटर.

याच रीतीनं मोपा सुमारे ३८५ आणि चिपी ३५० च्या आसपास येतं. ही रीत चार-पाचशे किलोमीटरपर्यंत चालते. दुबई-कुवेतसाठी पृथ्वीचा गोलवा धरावा लागतो, तिथं नकाशाच वापरा. काही परदेशी साइट सागरी मैलांत अंतर देतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. ४२४ च्या जागी २२९ दिसलं तर घाबरू नका.

रस्त्याचं अंतर वेगळं. खाड्या, घाट आणि वळणं यांमुळे कोकणात ते हवाई अंतराच्या साधारण १.४ पट होतं. मुंबई–रत्नागिरी सरळ रेषेत २३७ किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून हातखंब्याच्या तिठ्यावर वळून गेलात तर सव्वातीनशेच्या पुढे.

रेल्वेचं अंतर म्हणाल तर तिकिटावरचा आकडा खरा धरू नका. कोकण रेल्वेच्या हद्दीतलं अंतर प्रवासी भाड्यासाठी ४० टक्के वाढवून मोजतात, कारण डोंगर फोडून घातलेल्या या मार्गाचा खर्च तसा वसूल करायचा होता. म्हणून मडगावच्या तिकिटावर साडेसातशेच्या वर किलोमीटर दिसतात. रूळ प्रत्यक्षात सुमारे ५८० किलोमीटरचे आहेत. "रेल्वेनं गोवा साडेसातशे किलोमीटर लांब" असं लिहिलेलं दिसलं की समजावं, लिहिणाऱ्यानं तिकीट बघून लिहिलंय.

विमानाचा वेळ: ४२४ किलोमीटरला सव्वा तास का?

एअरबस ३२० सारखं जेट उंचीवर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या वेगानं ४२४ किलोमीटरला अर्धा तास पुरायला हवा. पण तो वेग मुंबई–गोवा मार्गावर मिळतो दहा-पंधरा मिनिटंच. चढायला पंधरा-एक मिनिटं, उतरायला वीस. उरलं काय, बटाटेवड्याची ऑर्डर देऊन तो हातात येईपर्यंत "सीटबेल्ट बांधा" सुरू.

तिकिटावर छापलेला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. विमान मागे ढकललं जातं तिथून मोजणी सुरू आणि दुसरीकडे जागेवर उभं राहिलं की बंद. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरतात. सकाळ-संध्याकाळ विमानांची रांग लागते आणि गेटवरून धावपट्टीच्या तोंडाशी पोचायलाच पंधरा ते पंचवीस मिनिटं जातात. कंपन्या हे धरून, वर थोडी सूट ठेवून वेळ छापतात. म्हणून विमान वीस मिनिटं उशिरा सुटूनही पुष्कळदा वेळेवर पोचतं.

अंदाजाचा ठोकताळा असा: जेट विमान असेल तर हवाई किलोमीटर भागिले ८०० इतके तास, अधिक पाऊण तास. दाभोळीला ३२ मिनिटं अधिक ४५, म्हणजे सव्वा तासाच्या किंचित वर. मुंबई–दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर. त्याला याच हिशेबानं दोन तास दहा मिनिटं येतात, आणि वेळापत्रकही त्याच्या आगेमागेच असतं. पंख्याचं एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आत उडतं, पण त्याला उंच चढायचं नसतं. तिथं किलोमीटर भागिले ४८० आणि वर अर्धा तास. चिपीचे ३५० किलोमीटर सव्वा तासात. म्हणजे मोप्याला जेटनं किंवा चिपीला एटीआरनं, तिकिटावरचा वेळ सारखाच.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का नाही, असं काही जण विचारतात. आपला मार्ग उत्तर-दक्षिण आहे. वरच्या थरातलं हिवाळी वारं पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं. ते आपल्याला आडवं लागतं, मागून किंवा समोरून नाही. दहा मिनिटांचा फरक दिसला तर तो मुंबईच्या रांगेचा.

दारापासून दारापर्यंत

खरा निर्णय इथं होतो. दादर ते कुडाळ, मोपामार्गे, असा हिशेब मांडा. घर ते विमानतळ: मेट्रोनं अर्धा-पाऊण तास, गाडीनं एक तास धरा. विमानतळावर सुटण्याच्या पावणेदोन तास आधी पोचा. विमान सव्वा तास. उतरून सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. मोपा ते कुडाळ पन्नासेक किलोमीटर. विमानतळाच्या जोडरस्त्यानं धारगळला महामार्गावर येऊन पत्रादेवी, बांदा, झाराप करत तास-सव्वा तास. बेरीज पाच ते सहा तास.

आता रेल्वे. जून २०२३ मध्ये सुरू झालेली सीएसएमटी–मडगाव वंदे भारत पावसाळा सोडून मडगावला पावणेआठ तासांत पोचते, कणकवलीला सहा तासांच्या आत. कणकवलीच्या माणसाला मोप्याहून पुन्हा मागं, उत्तरेकडे यावं लागतं. म्हणजे कणकवलीला विमान आणि वंदे भारत यांची बरोबरी होते, आणि पैशात रेल्वे जिंकते. आमच्या मते रेषा इथंच ओढावी. कणकवलीच्या उत्तरेला, म्हणजे वैभववाडी, राजापूर, रत्नागिरी, चिपळूणला, रेल्वे. दक्षिणेला सावंतवाडी, वेंगुर्ला, बांदा, दोडामार्ग इथं मोप्याचं विमान दोन-अडीच तास वाचवतं. कुडाळ-मालवण मधले, त्यांनी भाडं आणि गाडीची सोय बघून ठरवावं, आणि चिपीची सेवा त्या वारी असेल तर डोळे मिटून ती घ्यावी. वंदे भारत कुडाळ, सावंतवाडीला थांबत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मोप्यावर उतरल्यावरची गाडी हा या हिशेबातला कच्चा दुवा. गावचा ओळखीचा चालक बोलावणार असाल तर त्याच्याकडे गोव्यात शिरायचा परवाना आहे का आणि तो पार्किंगमध्ये नेमका कुठं उभा राहणार, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. नसेल तर आतल्या काउंटरवरूनच टॅक्सी करा आणि "महाराष्ट्रात जायचंय" हे पावती फाडण्याआधी सांगा. रात्री उशिराच्या विमानाला सिंधुदुर्गाकडे जाणारी गाडी ऐनवेळी मिळेल यावर विसंबू नका.

पावसाळ्यात आकडे बदलतात

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं वेगळं पावसाळी वेळापत्रक असतं. दरडी आणि माती सरकण्याचा धोका म्हणून गाड्यांचा वेग उतरवतात. वंदे भारतलाही मडगावला दहा तास लागतात आणि ती रोज धावत नाही. या महिन्यांत आपली रेषा कणकवलीवरून थोडी उत्तरेला सरकते.

पण विमानालाही पाऊस आहेच. मोपा आणि चिपी दोन्ही सड्यावर. आषाढात ढग सड्याला टेकतात, समोरची धावपट्टी वैमानिकाला ठरलेल्या उंचीपर्यंत दिसली नाही तर तो विमान पुन्हा वर उचलतो. प्रवाशाला पोटात गोळा येतो, पण ही नेहमीची, शिकवलेली क्रिया आहे. पुन्हा घिरटी घालायला पंधरा-वीस मिनिटं. तरीही जमलं नाही तर विमान दुसऱ्या विमानतळावर वळवतात. अशा वेळी जागेवरून उठू नका. बहुतेकदा इंधन भरून, ढग हटल्यावर तेच विमान परत येतं. मधेच उतरून गेलात तर पुढचा प्रवास आणि चेक-इनचं सामान या दोन्हींचा घोळ होतो. जून-जुलैत दिवसाचं पहिलं विमान शक्यतो घ्या. उशीर दिवसभर साचत जातो, सकाळी तो साचलेला नसतो.

दाभोळीचं आणखी एक. तो नौदलाचा तळ आहे; सरावासाठी कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी विमानांना मिळत नाहीत. दाभोळीच्या वेळा दुपारनंतर दाटलेल्या दिसतात त्या यामुळे.

तिकीट काढताना

१. नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. आधारवर "सुलोचना" आणि तिकिटावर घरातलं "माई" असेल तर दारावरचा जवान आत सोडत नाही. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर जे ओळखपत्र नेणार त्यावरचंच.
२. सामानाची मर्यादा त्या तिकिटात किती हे वाचा. देशातल्या साध्या तिकिटाला बहुतेक ठिकाणी चेक-इन १५ किलो आणि हातातली पिशवी ७ किलो. काही स्वस्त तिकिटांत चेक-इन सामान नसतंच.
३. आजी-आजोबांना व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, नोंदवा.
४. गणपतीत रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं) आणि काही मिनिटांत भरतं. ते हुकलं की चाकरमानी विमानाकडे वळतात आणि भाडं चढतं. म्हणून विमानाचं तिकीट रेल्वेच्या त्या तारखेच्या आधी बघून ठेवा.

खिडकी हवी तर दक्षिणेला जाताना उजवीकडची, एफ. सरळ रेषा किनाऱ्यापासून दहा-वीस किलोमीटर आतून जाते, त्यामुळे रेवदंडा, जयगडची खाडी, विजयदुर्ग हे सगळं पश्चिमेला, उजव्या हाताला येतं. येताना ए. सह्याद्री बघायचा असेल तर याच्या उलट.

विमानतळावर, पहिल्यांदा

दारावर तिकीट आणि मूळ ओळखपत्र दाखवा. घरूनच वेब चेक-इन केलं असेल आणि फक्त हातातली पिशवी असेल तर सरळ सुरक्षा तपासणीकडे. मोठं सामान असेल तर कंपनीच्या काउंटरवर. हा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो आणि मग विनवण्या चालत नाहीत. सामानाच्या पावतीचा तुकडा सांभाळा. सुरक्षा तपासणीत फोन, पॉवर बँक, पट्टा, पाकीट ट्रेमध्ये. पुढं गेटचा नंबर फलकावर बघत राहा, तो बदलतो. गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं. तिकिटावरची वेळ ही विमान हलायची वेळ आहे, चढायची नाही. एसटीची सवय असलेल्यांची नेमकी इथं गफलत होते.

परतीचं सामान हा कोकणातला खास विषय. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच, चेक-इनमध्ये नाही. सुकं खोबरं कुठल्याच पिशवीत घालू नका. तेलामुळे ते ज्वलनशील मालात मोडतं आणि एक्स-रेमध्ये अडकतं. आगळ (कोकमाचा रस), लोणचं, खोबरेल चेक-इनमध्ये, झाकणाला चिकटपट्टी आणि दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. विमानाच्या पोटात बाटली कलंडतेच. सुकी मासळी वास बाहेर येणार नाही अशी बांधली नाही तर काउंटरवर नाकारली जाऊ शकते. सोडे, जवळा हवाबंद पिशवीत, मग डब्यात, मग कपड्यांच्या मधे. आंब्याची लाकडी पेटी नेऊ नका, तिचंच वजन दोन-तीन किलो भरतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात आंबे कागदात गुंडाळून, देठ खाली, आणि खोकं भोकाचं. पिकलेले नकोत, दोन दिवसांत पिकतील असे हिरवट घ्या. वजन घरीच काट्यावर करा, जादा किलोचा दर काउंटरवर आंब्यापेक्षा महाग पडतो.

आखातात जाणाऱ्यांसाठी

कोकणातली बरीच माणसं पुढं दुबई, मस्कत, दोहा, कुवेत गाठतात. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचण्याची पोचण्याच्या गावची असते. दुबई आणि मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागं, दोहा आणि कुवेत अडीच तास. मुंबईहून १०.०० ला सुटून दुबईला ११.४५ ला पोचणारं विमान पावणेदोन तास नाही, सव्वातीन तास उडतं. इथं वाऱ्याचा फरकही दिसतो: जाताना समोरून वारं, येताना मागून, त्यामुळे परतीचा प्रवास काहीसा लवकर आटपतो.

मोप्याहून मुंबईला येऊन पुढचं विमान धरणार असाल आणि दोन तिकिटं वेगळी काढली असतील, तर पहिल्याला उशीर होऊन दुसरं विमान चुकलं तरी त्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. सामान मुंबईत घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. आंतरराष्ट्रीय विमानं टी-२ वरून सुटतात, तुमचं मोप्याचं विमान टी-१ ला उतरलं तर टर्मिनलही बदलायचं. दोन विमानांमध्ये निदान पाच तास ठेवा, पावसाळ्यात आदल्या दिवशीच मुंबई गाठा. आणि पुढचं तिकीट काढताना ते बीओएमचं आहे की एनएमआयचं, हे पाहा. मधे अख्खी खाडी आहे.